विज्ञानकथा वाचायचीय? पानिपतापासून सुरू करा

मावसबहिणीचा मेसेज आला तेव्हा मी कळवणच्या मार्केटबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत उभा होतो. ती नाशिकला होस्टेलवर राहते, सीबीएसईची अकरावी. त्यांच्या इंग्रजीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा आहे. "दादा, यात पानिपत मराठे जिंकतात! लेखक नारळीकर. हे मुळात मराठीत आहे का? आणि असलं अजून काय काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं. हो, मूळ कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. दुसऱ्याला रांगेत उभं राहून उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या कथेबद्दल, कारण मला विज्ञानकथेचा नाद तिनेच लावला. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाई फिरली, हे आपण शाळेत शिकलो. नारळीकर एवढंच करतात की ती गोळी कानाजवळून जाऊ देतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा भारतात पोचतात, जिथे इंग्रज मुंबईसारख्या दोनचार ठिकाणांपुरतेच उरलेत. तिथे व्याख्यानाला अध्यक्ष नेमायची पद्धतच मोडीत निघालीय. पंत मात्र सवयीने व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात. यात ना अंतराळयान, ना लेझर. फक्त एक 'जर'. आणि तो 'जर' आपल्या घरातला आहे, हॉलिवूडमधून आणलेला नाही.

मित्र म्हणतात, मराठीत साय-फाय नाहीच. त्यांच्या मोबाईलमध्ये 'ड्यून' आणि 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' असतात. मीही वाचलेत, आवडलेतही. पण 'नाहीच' म्हणणं चूक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केरळ कोकीळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीतून क्रमशः येत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न असा काही मराठी करून टाकला की 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचताना मूळ लेखक फ्रेंच आहे हे लक्षातच राहत नाही. फास्टर फेणे लिहिणारे हेच भागवत. घरात आठ-दहा वर्षांचं कोणी असेल तर त्याच्या हातात आधी हे द्या.

नारळीकरांची एन्ट्री तर सिनेमात शोभेल अशी आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तोवर नारळीकर जगप्रसिद्ध झालेले. केंब्रिजमध्ये ज्यांच्यासोबत काम केलं ते फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहायचे. नावाकडे बघून बक्षीस मिळायला नको, म्हणून यांनी आद्याक्षरं उलटी केली. जयंत विष्णू नारळीकरचं झालं नारायण विनायक जगताप. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या कथेचं स्वागत केलं.

तरी मराठी साहित्याच्या पंगतीत विज्ञानकथेला पान मांडलं जायचं ते कडेलाच. म्हणून 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर, ही बातमी वाचून मी घरात अक्षरशः ओरडलो. विज्ञानलेखक अध्यक्ष होण्याची ही पहिलीच वेळ. डिसेंबरची तीन तारीख. एसटीचा संप चालू होता, कळवण डेपोतून गाडी नाही. लाल कांदा घेऊन पिंपळगावला निघालेल्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, तिथून हायवेने आडगाव. पोचलो, तर अध्यक्ष प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते. मी मांडवात उभा राहून गंगाधरपंतांच्या खुर्चीचाच विचार करत होतो. वाईट वाटलं आणि हसूही आलं. पुढे त्यांना प्रत्यक्ष बघण्याची संधी आलीच नाही. 20 मे 2025 ला ते गेले.

आता तुझ्या प्रश्नाकडे. 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आधी घे. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' रात्री वाच आणि मग आरशासमोर उभी राहा. मग 'वामन परत न आला' ही कादंबरी. उत्खननात सापडलेल्या ठेव्यातून एक यंत्रमानव बनतो, आणि तीन पावलांची आपली जुनी गोष्ट त्याला किती चपखल बसते ते बघ. 'व्हायरस' त्यानंतर. नारळीकरांची माणसं पातळ असतात, बोलता बोलता मध्येच लेक्चर देतात, हे आधीच सांगून ठेवतो. कल्पनेसाठी वाचायचं.

माणसं हवी असतील तर सुबोध जावडेकरांकडे जा. केमिकल इंजिनिअर माणूस, भोपाळच्या वायुकांडावर 'आकांत' लिहिली. कारखाना आतून ठाऊक असलेल्या माणसाची ही कादंबरी आहे, वाचताना घशाला कोरड पडते. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा चुकवू नकोस. त्यांनी चिंतामणी देशमुखांबरोबर लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले' मिळाली तर मलाही दे. 'सिंहासन'वाल्या अरुण साधूंनी 'विप्लवा' नावाची विज्ञानकादंबरी लिहिलीय, हे किती जणांना माहीत असतं?

एक तक्रार मात्र आहे. या बहुतेक गोष्टी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत घडतात. शास्त्रज्ञ, त्याचा हुशार मित्र, आणि चहा घेऊन येणारी बायको. आपल्याकडची माणसं त्यात कुठेच नाहीत. सप्तशृंगीच्या पायथ्याचा पाडा नाही, भाव पडल्यावर चाळीत सडणारा कांदा नाही. 2060 साली गिरणेला पाणी असेल का, हा प्रश्न विज्ञानकथेचा नाही तर कोणाचा? मी स्वतः लिहायला बसलो होतो. चार पानांनंतर माझाही नायक पुण्याला निघून गेला.

हे सगळं तिला तुकड्या-तुकड्यांत पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला आलं :

"दादा, इंग्रज मुंबईतच अडकून पडले असते, तर आपलं चणकापूर धरण कोणी बांधलं असतं?"