काळ्या जमिनीच्या भेगा

परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठची काळी जमीन ज्यानें वैशाखांत पाहिली असेल, त्यास तिच्या भेगांचें वर्णन सांगावयास नको. पहिल्या मोठ्या पावसांत त्या पाणी पितात आणि थोड्याच दिवसांत मिटतात. कुणब्यास हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. त्याचें कारण उलगडावयास मात्र विसाव्या शतकाचें चौथें दशक उजाडावें लागलें.

१८६१ सालीं टॉमस ग्रॅहॅम या रसायनज्ञानें डिंक, सरस अशा पदार्थांस ‘कोलॉइड’ हें नांव दिलें. आपण त्यांस कलिल म्हणतों. मातीचा अतिसूक्ष्म अंशहि पुढें याच वर्गांत आला, व तो आकारहीन चिकटा असावा असा समज बराच काळ टिकला. १९३० च्या सुमारास अमेरिकेंत क्ष-किरणांनीं परीक्षा होतां तो स्फटिकमय ठरला. १९३३ सालीं हॉफमन, एंडेल व विल्म या जर्मन संशोधकांनीं माँटमोरिलोनाइट खनिजाची रचना मांडली: मिलिमीटराच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या जाडीचे पापुद्रे, आणि त्यांच्यामध्यें शिरणारें पाणी. दख्खनचा काळा पाषाण झिजून झालेल्या आपल्या मातींत याच जातीच्या खनिजांचें प्राबल्य आहे.

असा कण एकटा असता तर पाणी पिऊन निमूटपणें फुगला असता. शेतांत मात्र त्याच्याभोंवतीं त्याच्यासारख्यांचीच दाटी असते. जागा नाहीं म्हणून प्रत्येक कण शेजाऱ्यास रेटतो. भेगा बुजतात, खालचे थर परस्परांवर घांसून गुळगुळीत होतात, घरांच्या भिंती तडकतात. उलट ऊन तापलें किंवा बाहेरून दाब वाढला, कीं तोच कण पाणी सोडून अंग चोरतो.

रब्बी ज्वारीचें पीक याच व्यवहारावर उभें आहे. उघड्या भेगा पाणी खोलवर नेतात. मिटलेली जमीन तें हिवाळ्यासाठीं राखते. १९७६ सालीं जायकवाडी धरण पूर्ण झालें, त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी परभणीकडे आलें, आणि नवा प्रश्न उभा राहिला. सतत ओली राहिलेली ही माती मिटलेलीच राहते. मुळांस हवा मिळत नाहीं. त्यांत सोडियमचा अंश वाढला, तर चुन्याच्या अंशानें ठराविक अंतरावर थोपविलेले पापुद्रे सुटे होतात व निचरा खुंटतो. म्हणून कालव्याइतकीच चराची सोय हवी आणि दोन पाळ्यांमध्यें जमिनीस वाळावयास अवधि हवा. भेगा पडणें हा या जमिनीचा दोष नव्हे. तो तिचा श्वास आहे.