तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

सक्करदऱ्यात तान्हा पोळा झाला की लाकडी बैल माळ्यावर जातात आणि मंडपांचे बांबू रस्त्यावर येतात. पोळा आणि गणपती यांच्या मधला एक दिवस सहज निसटतो: भाद्रपद शुद्ध द्वितीया, चक्रधर स्वामींचा अवतार दिन. महानुभाव घरांत त्या दिवशी पारायण, विडा अवसर, उपहार होतो. भेटणारा ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो.

याला जयंती म्हणत नाहीत. पंथाची श्रद्धा अशी, की भडोचचा राजपुत्र हरिपाळदेव वारला आणि त्याच्या देहात चांगदेव राऊळांनी प्रवेश केला. ते चक्रधर. पुढे ते विदर्भात आले, रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना गुरू मानलं आणि लोकांच्या मराठीत तत्त्वज्ञान सांगत गावोगाव फिरले. बाईचा विटाळ त्यांनी मानला नाही. नाकाला शेंबूड येतो तसंच तेही, असं त्यांनी तेराव्या शतकात सांगितलं.

स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी भेटेल त्याच्याकडून आठवणी गोळा केल्या. त्यातून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ झालं. केशोबासांना शास्त्र संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं: माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही.

मग परचक्र आलं. मूळ पोथी हरवली, शिष्यांनी आठवून पुन्हा लिहिली. पवित्र शब्द जपायला सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या आल्या. थोडक्यात, पोथीला पासवर्ड लागला. पोथ्या वाचल्या, पण त्याची किंमतही मोजावी लागली. बाहेरच्यांना वाचता येईना, आणि जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात. शतकानुशतकं पंथाची बदनामी झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची उकल झाली. ‘लीळाचरित्र’ छापण्याचं मोठं काम नागपुरातच झालं: 1930 च्या दशकात ह. ना. नेन्यांनी ते संपादित केलं. नंतर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांची आवृत्ती 1978 साली आली. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे.

म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मराठीत ठेवलेलं ज्ञान सहाशे वर्षं बाहेरच्या मराठी माणसाला बंद होतं. आता ते उघडं आहे. यंदा द्वितीयेला, बुधवार बाजारातून गणपतीचं सामान आणताना, फोनवर एखादी लीळा उघडून बघा. भाषा जुनी आहे, पण दोनदा वाचली की कळते. आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. ती मूळ तिच्यासाठीच होती.