वरचे पाच पुडे

बी.ए.ची परीक्षा संपवून मी आलापल्लीजवळच्या एका तेंदूच्या फळीवर गेलो होतो. मे महिन्याचे ऊन. पहाटेपासून रानात फिरून तोडलेली पाने, सत्तर-सत्तरचे पुडे बांधून, माणसे ओळीने मांडत होती. एका माडिया आजीचे शंभर पुडे मोजून होताच मुंशी म्हणाला, "वरचे पाच?" आजीने न बोलता आणखी पाच ठेवले. वहीत मात्र शंभरच लागले. मी विचारले, तर म्हणाला, "वाळताना खराब निघतात ना!"

त्या 'वरचे'ने मला अभ्यासातला एक इंग्रजी शब्द आठवला : ओव्हरप्लस. आता तो फारसा कुणी वापरत नाही, सगळीकडे सरप्लस. पण तो गमतीचा आहे. फ्रेंच 'सरप्लस'मधल्या 'सर'च्या जागी इंग्रजांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस घरचा 'ओव्हर' बसवला आणि 'प्लस' तसाच ठेवला. अर्धेच भाषांतर! त्यातही हा 'सर' म्हणजे लॅटिन 'सुपर'. सुपर, ओव्हर, संस्कृत 'उपरि' आणि त्यातून आलेले आपले 'वर' ही सगळी एकाच कुळातली भावंडे. म्हणजे मुंशी नकळत ओव्हरप्लसच मागत होता.

शेक्सपिअरचा अँटनी लढाईआधी ओव्हरप्लस जहाजे जाळून टाकायचे ठरवतो. सेनापतीला जास्तीचे जाळणे परवडते.

आपल्याकडे याला शब्द आहे फाजील. अरबीतून फारसीमार्गे तो मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ उरणे, अधिक असणे. विद्येने इतरांहून अधिक तो फाजिल. आमच्या घरी मौलवींविषयी बोलताना हा शब्द अदबीने येई. शाळेत गुरुजी मला "फाजीलपणा पुरे" म्हणत. एकाच दिवशी दोन्ही ऐकले की मी गोंधळून जाई. अफझल हे नावही त्याच धातूचे, अर्थ 'अधिक श्रेष्ठ'. मराठीत आल्यावर शब्दातली थोरवी गळाली आणि नुसता जास्तपणा उरला.

ओव्हरप्लसचा मला सर्वांत आवडलेला वापर १६११ च्या इंग्रजी बायबलात आहे, लेवीय या पुस्तकात. गरिबीमुळे विकलेली जमीन सोडवून घेताना मूळ मालकाने विक्रीपासूनची वर्षे मोजावीत, उरलेल्या वर्षांचा ओव्हरप्लस खरेदीदाराला परत द्यावा आणि आपल्या जमिनीवर परतावे, असा तो नियम. जास्तीचे ज्याचे, त्याला परत. आणि हिशेब वर्षे मोजून.

त्या संध्याकाळी मीही हिशेब केला. हजार पुड्यांमागे वरचे पन्नास, म्हणजे साडेतीन हजार पाने. मुंशीची वही मी चाळून पाहिली. जमेचा रकाना होता, मजुरीचा होता. वरच्यांचा नव्हता.