पाटी, परीक्षा आणि भीती : मराठी विद्यार्थ्याच्या मनाचा इतिहास

शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि अहवालांच्या आधारे लिहिला जातो. शाळा कोणत्या साली निघाली, तिला अनुदान किती मिळाले, पटावर मुले किती होती, याची नोंद सापडते. परंतु पटावरच्या त्या मुलांवर शिकताना काय गुजरले, हे त्या कागदांत आढळत नाही. ते शोधावे लागते आत्मचरित्रांत, चरित्रांत आणि क्वचित एखाद्या निबंधात. या विखुरलेल्या साधनांवरून मराठी विद्यार्थ्याच्या मनाचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. विद्यार्थ्याची भीती, त्याची घोकंपट्टी, त्याचे शाळेतून पळून जाणे हे त्याच्या अंगचे दोष मानले गेले. वस्तुतः ती त्याला मिळालेल्या शिक्षणपद्धतीची उत्तरे होती. पद्धती बदलली, तेव्हा उत्तरही बदलले.

इंग्रजी अमदानीपूर्वीची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळात ती भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडीचे वळण, उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असा तिचा अभ्यासक्रम. बाजारातला हिशेब तोंडी करता यावा, हे त्याचे प्रयोजन. छडी, अंगठे धरून उभे राहणे, ओणवे होणे या शिक्षा नित्याच्या होत्या, आणि शाळा चुकवून दडून बसणे हे मुलांचे त्यावरचे नित्याचे उत्तर होते. पंतोजींच्या शाळेची एवढीच बाजू आपण लक्षात ठेवली आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेथे वर्षाचा ठरावीक वर्ग नव्हता आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. तेथे मुलाला मार खावा लागे, परंतु त्याला कोणी ‘नापास’ म्हणत नसे. हा शब्दच मराठीला नंतर मिळाला. फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांच्या संयोगातून तो घडला आणि पुढे घराघरांत रुजला.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. त्या पहिल्या मोजक्या यशस्वी विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होते. पंतोजींच्या छडीची जागा आता परीक्षेने घेतली. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत विरून जाई. परीक्षेच्या निकालावर मात्र साऱ्या घराचे भवितव्य टांगलेले असे. नोकरी, प्रतिष्ठा, कर्जाची फेड, धाकट्या भावंडांची शिक्षणे हे सारे त्या एका यादीतल्या नावावर अवलंबून राहू लागले.

या काळातल्या विद्यार्थ्याची जिद्द आणि त्याची असहायता दोन्ही पाहावयाची असतील, तर धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘आत्मवृत्त’ वाचावे. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातल्या मुरूडहून सोबत्यांसह साताऱ्याला पायी निघाले. दिवस पावसाळ्याचे, वाट कुंभार्ली घाटाची. चार दिवसांची ती पायपीट करून ते वेळेवर पोहोचले. परंतु परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते, आणि हा मुलगा तेवढ्या वयाचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. वयाचा दाखला जवळ होता. त्याचा उपयोग झाला नाही. पुढे १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. महर्षींच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या घाटातून रिकाम्या हाताने परतलेली आणि पुन्हा कधीच न निघालेली मुले किती असतील, हा प्रश्न त्या धड्याखाली कधी विचारला गेला नाही.

हा प्रश्न जाहीरपणे विचारला तो न्यायमूर्ती रानडे यांनी. विद्यापीठ निघून तीस-पस्तीस वर्षे होतात न होतात तोच त्याचे अनेक पदवीधर अकाली गेले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली एकतिसाव्या वर्षी गेले. काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. पुढे १८९५ मध्ये आगरकरही चाळिशीच्या आत निवर्तले. प्रत्येकाच्या मृत्यूचे तात्कालिक कारण निराळे असेल. परंतु समाजात जी कुजबुज होती, तिला रानड्यांनी अभ्यासाचे रूप दिले. १८९४ मध्ये त्यांनी हिंदू पदवीधरांतील वाढत्या मृत्यूंची कारणे या विषयावर एक निबंध वाचला. प्रकृतीची हेळसांड, व्यायामाचा अभाव या गोष्टी त्या वेळी सर्वांच्याच तोंडी होत्या. रानड्यांनी त्याबरोबर विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीकडे बोट दाखविले. तरुणांच्या शक्तीचा जो क्षय होतो, त्यात या पद्धतीने टाकलेल्या भाराचा वाटा मोठा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विशेष हे, की हे म्हणणारा माणूस त्याच परीक्षांत सर्वांत पुढे आलेला होता, आणि विद्यार्थिदशेतल्या अतिवाचनाने आपले डोळे कायमचे अधू करून बसलेला होता. अपयशी माणसाची तक्रार म्हणून ती झटकून टाकता येण्यासारखी नव्हती.

या भाराचा एक मोठा भाग भाषेचा होता. विद्यापीठाच्या आरंभीच्या व्यवस्थेत देशी भाषांना जे स्थान होते, ते १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून काढून घेतले गेले. गणित असो वा इतिहास, तो परक्या भाषेतून समजून घ्यायचा आणि परक्या भाषेतच मांडायचा. विषय समजण्याआधी शब्द पाठ करावे लागत. आणि एकदा शब्द पाठ झाले, की विषय समजण्याची निकड राहत नसे. घोकंपट्टीला आपण आळशी बुद्धीचे लक्षण मानतो. त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती बुडत्याने धरलेली फळी होती. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे अखेरपर्यंत झटत राहिले. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा लिहिला, तोही याच खटपटीचा भाग होता. त्यांच्या निधनाच्या सुमारास, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला.

सर्वच विद्यार्थ्यांचे ओझे मात्र केवळ पुस्तकांचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतले दिवस सांगितले आहेत. बसायला घरून आणलेले गोणपाट, वर्गात वेगळी जागा, आणि तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर पाणी नाही. अशा मुलाच्या बाबतीत अभ्यासाचा ताण आणि अपमानाचा ताण वेगळे काढता येत नाहीत. ते १९०७ साली मॅट्रिक झाले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ग्रंथालयात बसायला गोणपाट न्यावे लागत नव्हते. विद्यार्थी तोच; भोवतालची व्यवस्था बदलली आणि त्याच्या बुद्धीला मोकळे मैदान मिळाले.

पद्धती बदलल्याने मूल बदलते, हे शाळेच्या पहिल्या पायरीवर सिद्ध करून दाखविले ताराबाई मोडक यांनी. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंचे बालपण इंदुरात गेले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षा नाही, बक्षीस नाही. मूल आपल्या हाताने, आपल्या गतीने शिकेल, ही त्यांची भूमिका होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार तेथे जुनीच होती. गुरे राखायला जाणारे मूल शाळेत येणार कसे? तेव्हा मुलांना दोष देण्याऐवजी शाळाच कुरणावर नेण्यात आली आणि तिला ‘कुरणशाळा’ हे नाव मिळाले. पंतोजींच्या शाळेतून पळणाऱ्या मुलाला या शाळेने शंभर वर्षांनी दिलेले ते उत्तर होते.

आज छडी कायद्याने गेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली. परीक्षेची दहशत मात्र ओसरलेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक आत्महत्येमागे परीक्षाच असते असे नाही. पण एवढ्या मोठ्या संख्येपुढे ‘आजची मुले नाजूक झाली आहेत’ असे म्हणून गप्प बसणे म्हणजे रानड्यांनी १८९४ मध्ये विचारलेला प्रश्न न वाचताच मिटवून ठेवणे होय.

या इतिहासात ग्रंथालयाची जागा लहान पण निराळी आहे. गावोगावच्या मराठी ग्रंथालयांत आता अभ्यासिका चालतात. स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली दिसतात. त्यांना दिवा, टेबल आणि शांतता देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच आहे. परंतु त्याच वास्तूत, चार पावलांवर, अशी कपाटे उभी आहेत की ज्यांतल्या पुस्तकांवर कोणी प्रश्न विचारणार नाही, गुण देणार नाही आणि निकालही लावणार नाही. मराठी समाजाने उभारलेल्या साऱ्या शिक्षणसंस्थांत जेथे कोणी कधी नापास झाले नाही अशी संस्था ही एकच. अभ्यासिकेतला विद्यार्थी अधूनमधून त्या कपाटापर्यंत चालत जाईल, एवढी वाट खुली ठेवणे हे ग्रंथालयाच्या पुढच्या शतकाचे काम आहे.