करमळीची गावकरी आणि ब्रह्मकरमळीचे नाव

तिसवाडीचे नाव तीस गावांवरून पडले, आणि करमळी हे त्यांतील आठ प्रमुख गावांपैकी एक. येथील शेतजमीन एकट्यादुकट्याची नव्हती. ती गावकरीची, म्हणजे गावकारांच्या समाईक संस्थेची होती. बांध, तळे व मानशी यांची निगा सर्व मिळून राखीत. शेते मुदतीने कसण्यास देत आणि उत्पन्नातून देवालय व ग्रामसेवक यांचा खर्च भागवून उरलेला वाटा गावकारांस मिळे. १५२६ साली आफोंसु मेशियाने या रूढी लेखनिविष्ट केल्या. चार पुरुषांनी ओसाड भूमी लागवडीस आणली, त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांस गावकार म्हणू लागले, अशी उत्पत्तिकथा त्या लेखात नमूद आहे.

पुढे देवळे पाडली गेली आणि १५४१ साली तिसवाडीतील देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले. त्या शतकात करमळीचा ब्रह्मदेव सत्तरीत नेण्यात आला. जमीन, तळे, बांध मागेच राहिले. देवाबरोबर गेले ते केवळ गावाचे नाव. नव्या स्थानास ब्रह्मकरमळी म्हणू लागले. महाजनकीचे मूळ शोधणाऱ्याने हे ध्यानी धरावे की, आपल्या देवालयांचा पाया प्रथम शेताच्या बांधावर रचला गेला होता.