पडद्यावरचा सिंह

कामगारांच्या एका छोट्या नाटकासाठी आम्हांला मागल्या पडद्यावर दोन मिनिटे रानातला सिंह हवा होता. गाठीला पैसा नव्हता. म्हणून हक्काची मुदत संपलेले जुने चित्रपट आम्ही धुंडाळू लागलो. आपल्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ६० वर्षांनी चित्रपट सर्वांचा होतो. परंतु फुकट मिळाले ते खरे असतेच असे नाही.

१९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले. ते तिकडे असतानाच शिकागोच्या विल्यम सेलिग यांनी एक म्हातारा सिंह विकत घेतला, रूझवेल्टसारखा दिसणारा नट उभा केला आणि स्टुडिओतच सिंहाला गोळी घालून 'आफ्रिकेतील शिकार' पडद्यावर आणली. लोक लोटले. चेरी किअर्टन यांनी प्रत्यक्ष आफ्रिकेत टिपलेला चित्रपट १९१० साली आला, तो त्यापुढे मिळमिळीत ठरला! पुढे १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून आपण होऊन उड्या घेताना दाखवले. वस्तुतः त्यांना ढकलले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. लबाडी उघडकीस आली ती १९८२ साली.

मुक्या जिवांची संघटना नसते, त्यांना साक्षही देता येत नाही. म्हणून चित्र कोणी, कोठे, कसे टिपले हे त्यांच्या वतीने आपणच विचारले पाहिजे.

आम्ही अखेर सिंह गाळला. आमच्याच एका गड्याने पडद्याआडून डरकाळी फोडली. ती खोटी आहे, हे शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना ठाऊक होते.