खुणेचा शोध आणि रानाचा हक्क : सायवन परिसराच्या संदर्भात जिओकॅशिंगचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना : उपग्रहाच्या साहाय्याने अक्षांश-रेखांश पाहून रानात लपविलेली डबी शोधणे, तिच्यातील वहीत नाव नोंदविणे व डबी पुन्हा जागेवर ठेवणे, या छंदास जिओकॅशिंग असे म्हणतात. वाटेवरील पशुपक्ष्यांचे निरीक्षण हा त्याचा स्वाभाविक भाग होय. डहाणू तालुक्यातील सायवन व गंभीरगडाचा परिसर अशा भटकंतीस अनुकूल वाटतो. तथापि या भूमीवर खूण करणे हा कधीच निव्वळ खेळ नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या छंदाचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. 1854 मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने डार्टमूरच्या माळरानावर एक बाटली ठेवली व तेथवर पोहोचणारे तिच्यात आपली कार्डे टाकू लागले. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिली बादली लपविली.

आपल्याकडे मात्र स्थाननिश्चिती आली ती राज्यकारभाराचे साधन म्हणून. 1802 मध्ये लॅम्बटन यांनी मद्रास येथे आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात डोंगरमाथ्यावरील खडकात वर्तुळ व मध्ये बिंदू कोरला जाई. 1878 च्या वन कायद्याने त्या नकाशांवर राखीव जंगलाच्या सीमा पक्क्या केल्या. वारली शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून आपलेच रान परके झाले. 1945 च्या वारली उठावाचा तात्कालिक विषय वेठबिगार व गवतकापणीची मजुरी हा असला, तरी त्यामागे जमीन गमावल्याची ही पार्श्वभूमी होती.

सरकारी खुणांच्या आधीपासून येथे दुसऱ्याही खुणा आहेत. वाघ, सूर्य व चंद्र कोरलेला वाघोबाचा दगड वा लाकडी फळा आजही पूजिला जातो आणि वाघबारसेला त्यास नैवेद्य दाखवितात. वारली बोलीत बिबट्याही वाघच. या परिसरात बिबट्याचा वावर असल्याने ही श्रद्धा केवळ स्मृतिरूप नाही. वन्यजीव निरीक्षणासाठी येणाऱ्याने दुर्बिणीपूर्वी हा दगड पाहिला, तर रान कोणासोबत वाटून घेतले आहे हे त्याच्या लवकर ध्यानात येईल.

वनहक्क कायदा, 2006 च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रात कसलेल्या वनजमिनीच्या मोजणीसाठी जीपीएसचा वापर झाला. डबी शोधणाऱ्यास पाच मीटरची चूक म्हणजे थोडी अधिक शोधाशोध. वनहक्कदारास तिची किंमत वेगळी पडते. एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे 64 मीटर असते. चारही कडा पाच-पाच मीटर आत सरकल्यास 40 पैकी साडेअकरा गुंठे नकाशातून नाहीसे होतात. दाट झाडीत संकेत अडखळतात, तेव्हा अशी चूक असंभव नव्हे. (छंदाच्या पुस्तिकेत हे गणित कोणी मांडत नाही!)

म्हणून सायवनकडे डबी घेऊन जाणाऱ्याने परवानगी कोणाची घ्यावी, हा प्रश्न औपचारिक राहत नाही. जिओकॅशिंगच्या संकेतानुसार जमीनधारकाची संमती लागते व त्याच्या स्पष्ट परवानगीवाचून डबी पुरण्यासाठी खड्डा खणण्यास मनाई असते. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असून 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस विशेष स्थान दिले आहे. तेव्हा वनविभागाच्या परवानगीबरोबर ग्रामसभेलाही विचारणे इष्ट ठरते. डबीच न ठेवता स्थळ पाहून नोंद करण्याचा 'अर्थकॅश' हा प्रकार येथे अधिक योग्य वाटतो, मात्र त्याचा विषय खडक व भूरूपे एवढाच ठेवावा लागेल. वाघोबाच्या ठाण्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करावेत काय, हे त्या पाड्यावरील भगताला व वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून ठरविता येणार नाही.